तीन पावलं मागं

सरनोबत सर म्हणाले, कोरसनं तीन पावलं मागं सरायचं.
राजा ओरडला की एक.
ती हसली की दुसरं.
तिनं पहिलं नाव घेतलं की तिसरं.
हात छातीशी, नजर फळीवर.
आम्ही सातजणी. मी डावीकडून तिसरी.

दिवसभर मार्केट यार्डात, अडत दुकानात,
मी गुळाच्या रव्यांची वजनं वहीत उतरवते.
सहाला चिकट बोटांनीच निघते,
रिक्षा गॅरेजच्या माडीवर चढते
आणि अडीच हजार वर्षांपूर्वीची कुणीतरी होते.
खाली सायलेन्सर ठोकत असतात.
सर म्हणतात, ते युद्ध समजा.

नाटक तसं साधं.
राजाचं फर्मान आहे,
हरलेल्यांची नावं कुणी उच्चारायची नाहीत.
त्याची मेहुणी विहिरीच्या काठावर चढते
आणि एकेक नाव घेते.
एवढंच करते ती. तेवढ्यावर मारतात.

आमच्यात उंबऱ्यावर अडवतात ते नाव घे म्हणून.
मीही घेतलंय, चांदीच्या वाटीला काहीतरी यमक जुळवून.
हसल्या सगळ्या, मग आत सोडलं.
हिला अडवतात ते घेऊ नको म्हणून.
मी सरांना हे सांगितलं.
ते म्हणाले, छान आहे, पण तू कोरसमध्ये आहेस.

मेहुणी म्हणजे सुनेत्रा चौगुले, सीपीआरमध्ये रात्रपाळीला.
एकोणीस नावं, तीही परक्या देशातली,
एकदाही अडखळत नाही.
म्हटलं, कसं गं पाठ केलंस?
म्हणाली, वॉर्डात रोज हाका मारते की.
काहीजण ओ देत न्हाईत.

राजा घाटगे पाणीपुरवठ्यात मीटर रीडर.
चहात साखर नसली तरी न बोलता पितो.
पुठ्ठ्याचा मुकुट चढला की मात्र
त्याच्या मानेची शीर बघून
माझं पहिलं पाऊल आपोआप मागं जातं.
त्याला अभिनय लागत नाही. मलाही.

एकदा विजा गेल्या तेव्हा सरांनी सांगितलं,
तिकडं त्या काळी ही सगळी कामं पुरुषच करायचे.
मुखवटा लावून.
म्हणजे बाईचं 'नाही'
इतकी वर्षं पुरुषाच्या घशातनं आलं.

मला बापूतात्या आठवले.
कंपनीत स्त्रीपार्ट करायचे, शालू त्यांना चापून बसायचा.
म्हणायचे, रडणं मी अंबूकडनं शिकलो.
अंबू म्हणजे त्यांची बायको.
भांडण उकरून काढायचे, ती रडायला लागली की
समोर पाटावर बसून बघायचे,
आधी हनुवटी हलते की आधी श्वास अडकतो.
रात्री त्या रडण्याला टाळ्या पडायच्या.
काकूंनी नाटक कधी बघितलं नाही.
कुणी नेलंच नाही.

स्पर्धेचा दिवस. चौथ्या रांगेत परीक्षक,
सातव्या रांगेत आमचे हे, मोबाईल उलटा ठेवून.
राजा ओरडला. सरकले.
ती हसली. सरकले.
तिनं पहिलं नाव घेतलं
आणि सहाजणी मागं गेल्या.
मी ठरवलं वगैरे नव्हतं.
फळीचा खिळा पायाला लागत होता,
त्याच्यावर मी उभी राहिले.
एकोणिसावं नाव झालं, शांतता झाली,
आणि माझ्या तोंडून आलं,
अंबू.

सुनेत्रानं वळून बघितलं.
मग तिनंही म्हटलं, विहिरीत वाकून,
अंबू.
घाटगेला पुढचं वाक्य आठवेना.

दोन गुण कापले. शेरा होता: समूहात शिस्त नाही.
सर आठवडाभर बोलले नाहीत.
यांनी गाडीला किक मारताना एवढंच विचारलं,
ही अंबू कोण?
मी शिवाजी पुलापर्यंत सांगत होते.
वाऱ्यात त्यांना किती ऐकू गेलं, माहीत नाही.

सकाळी यार्डात हमाल ओरडला,
मागं व्हा वो बाई, ट्रक येतोय.
झाले मागं. चांगली तीन पावलं.
ट्रकला नाही म्हणणारी बाई
अजून कुणी लिहिलेली नाही.
मग वही उघडली,
तारीख टाकली,
आणि पहिल्या रव्याचं वजन लिहायच्या आधी
पेन जरा वेळ तसंच धरून ठेवलं.